नोकरीआधीचं मेडिकल : डॉक्टर काय तपासू शकतात आणि काय विचारूच शकत नाहीत?

फेब्रुवारी २०२० मधली गोष्ट. सुरत महानगरपालिकेच्या कर्मचारी संघटनेने पालिका आयुक्तांकडे एक तक्रार दिली आणि एक-दोन दिवसांत ती देशभरच्या बातम्यांत आली. पालिकेत ट्रेनी क्लार्क म्हणून लागलेल्या महिलांची मेडिकल तपासणी पालिकेच्याच स्मीमेर रुग्णालयात होती. तिथल्या स्त्रीरोग विभागात सुमारे दहा जणींना एकाच खोलीत एकत्र विवस्त्र उभं केलं, दार नीट बंद नव्हतं, मध्ये फक्त एक पडदा होता, ‘फिंगर टेस्ट’ केली, आणि लग्न न झालेल्या मुलींनाही कधी गरोदर राहिली होतीस का असं विचारलं, असा आरोप होता. तपासणाऱ्या डॉक्टर महिलाच होत्या.

आयुक्तांनी तीन जणांची चौकशी समिती नेमली आणि पंधरा दिवसांत अहवाल मागितला. राष्ट्रीय महिला आयोगानेही दखल घेतली. रुग्णालयाच्या बाजूने तेव्हा माध्यमांना असं सांगण्यात आलं की, महिलांना काही आजार आहे का हे बघण्यासाठी नियमाप्रमाणे ही तपासणी करावीच लागते. त्याच महिन्यात भूजच्या एका कॉलेजात मासिक पाळी आली आहे का हे बघण्यासाठी साठहून जास्त मुलींचे कपडे उतरवल्याचं प्रकरण गाजत होतं. त्यामुळे आठवडाभर गदारोळ झाला. मार्चमध्ये कोरोना आला आणि विषय मागे पडला.

आपल्या भागातल्या वाचकांना हे प्रकरण दूरचं वाटायचं कारण नाही. नंदुरबार, धुळे, जळगावची किती घरं आज उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसऱ्यात आहेत हे वेगळं सांगायला नको. ताप्ती लाईनवर सकाळी गाडीत बसलेला पोरगा हातात फाईल घेऊन जात असेल, तर त्या फाईलमध्ये दाखले, फोटो आणि मेडिकलचा कागद असतोच. पोलीस भरती असो, रेल्वे असो, पालिका असो की हजिऱ्याच्या एखाद्या कंपनीतलं ठेकेदाराकडचं काम असो. मेडिकल ही शेवटची पायरी. परीक्षा झाली, लिस्टमध्ये नाव आलं, गावात पेढे वाटून झाले, आणि तिथे कुणी काही विचारलं तर ‘नाही’ म्हणायची हिंमत होत नाही. सुरतच्या मुलींचंही तेच होतं. तीन वर्षं ट्रेनिंग काढलेलं, कायम होण्यासाठी फिटनेसचा दाखला सक्तीचा. अशा वेळी डॉक्टर सांगतील ते माणूस करतो.

त्या तक्रारीतली एक गोष्ट मात्र नीट लक्षात घेतली पाहिजे. संघटनेचा मेडिकल तपासणीला विरोध नव्हता. कायम होण्याआधी तपासणी होणार, हे त्यांना मान्य होतं. आक्षेप होता तो तपासणीच्या पद्धतीला आणि त्यात विचारलेल्या प्रश्नांना. आपणही इथूनच सुरुवात करू.

मेडिकल असतं कशासाठी?

नोकरीआधीच्या तपासणीत एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असतं. हा माणूस हे काम, स्वतःला आणि दुसऱ्याला धोका न होता, करू शकेल का? यातला ‘हे काम’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा.

रेल्वेत हे स्पष्ट दिसतं. तिथे प्रत्येक पदाला मेडिकलचा वर्ग ठरलेला आहे : ए-१, ए-२, ए-३, बी-१, बी-२, सी-१, सी-२. असिस्टंट लोको पायलटला ए-१ लागतं. म्हणजे चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांनी ६/६ दिसलं पाहिजे आणि रंग ओळखता आले पाहिजेत, कारण लाल आणि हिरवा सिग्नल चुकला तर शेकडो माणसांच्या जिवाशी खेळ. ऑफिसात बसून काम करणाऱ्याला सी-२ पुरतं, चष्मा चालतो. त्यामुळे एकाच घरातला एक भाऊ लोको पायलटला मेडिकलमध्ये बाद होतो आणि त्याच डोळ्यांवर क्लार्क म्हणून लागतो. कुणाला यात अन्याय वाटत नाही, कारण प्रत्येक तपासणीमागचं कारण सांगता येतं.

आता हाच हिशोब पालिकेच्या क्लार्कला लावून बघा. टेबलावर फाईल, समोर कॉम्प्युटर, कर भरायला आलेले लोक. या कामासाठी डोळे बघा, ऐकू येतं का बघा, बीपी, शुगर, रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे बघा. गर्भाशयाची तपासणी करून क्लार्कच्या कामाबद्दल काय कळणार? याला उत्तर नाही. ‘आजार आहे का ते बघतो’ हे उत्तर होऊ शकत नाही. आजार तर शंभर असतात, आणि त्यातले बहुतेक असलेली माणसं रोज कामावर जातात.

गरोदरपणाचा प्रश्न आणि १९९१ चा निकाल

हा वाद सुरतमध्ये पहिल्यांदा उभा राहिला असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने जवळपास तीस वर्षांआधी यावर निकाल दिलेला होता. नीरा माथुर विरुद्ध आयुर्विमा महामंडळ, म्हणजे आपली एलआयसी. निकाल ३१ ऑक्टोबर १९९१ चा.

नीरा माथुर यांनी एलआयसीत असिस्टंट पदासाठी लेखी परीक्षा आणि मुलाखत दिली. मे १९८९ मध्ये मेडिकल झालं, एलआयसीच्या पॅनलवरच्या महिला डॉक्टरने फिट ठरवलं. ट्रेनिंग झालं, सप्टेंबरमध्ये सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर नेमणूक मिळाली. डिसेंबरमध्ये त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, जानेवारी १९९० मध्ये बाळंत झाल्या, आणि फेब्रुवारीत त्यांना कामावरून काढल्याचं पत्र आलं. पत्रात कारण नव्हतं.

कारण न्यायालयात पुढे आलं. नोकरीच्या वेळी त्यांच्याकडून एक घोषणापत्र भरून घेतलेलं होतं. शेवटची पाळी कधी आली, पाळी नियमित आहे का, त्रास होतो का, आतापर्यंत किती वेळा गर्भ राहिला, गर्भपात झाला का, असे रकाने त्यात होते. शेवटच्या पाळीची तारीख त्यांनी खोटी लिहिली, असं एलआयसीचं म्हणणं. त्या बाळंत झाल्या त्या दवाखान्याच्या नोंदीतून एलआयसीने तारीख काढून आणलेली होती.

न्यायालयाने तारखेच्या खऱ्या-खोट्यात फार वेळ घालवला नाही. प्रोबेशनच्या काळात त्यांचं काम खराब होतं असं दाखवणारं काहीच समोर नव्हतं. खरी गडबड त्या फॉर्ममध्येच आहे, असं न्यायालय म्हणालं. बाईच्या स्वाभिमानाला धक्का लावणारी अशी माहिती नोकरीसाठी मागताच येणार नाही. नीरा माथुर यांना परत कामावर घ्यायला सांगितलं आणि एलआयसीला ते रकाने फॉर्ममधून काढून टाकायला सांगितले.

म्हणजे जे प्रश्न कागदावर छापलेलेसुद्धा चालत नाहीत असं १९९१ मध्ये ठरलं, ते २०२० मध्ये सुरतमध्ये तोंडी विचारले गेले असा आरोप झाला.

निकाल असला तरी सवय जात नाही, हे पुढे स्टेट बँकेनेही दाखवलं. ३१ डिसेंबर २०२१ च्या परिपत्रकात बँकेने म्हटलं की तीन महिन्यांहून जास्त गरोदर असलेली उमेदवार ‘तात्पुरती अनफिट’ धरली जाईल आणि बाळंतपणानंतर चार महिन्यांच्या आत तिला रुजू होता येईल. ओरड झाली, दिल्ली महिला आयोगाने नोटीस काढली, आणि २९ जानेवारी २०२२ ला बँकेने नवा नियम मागे घेतला. ‘तात्पुरती’ हा शब्द ऐकायला निरुपद्रवी वाटतो. पण उशिरा रुजू झालं की सिनिऑरिटी मागे जाते, आणि पुढची प्रमोशन त्याच हिशोबाने लागतात.

एका ठिकाणी मात्र गरोदरपणाबद्दल विचारणं बरोबरच आहे, आणि ते ठिकाण म्हणजे एक्स-रेची खोली. पोटातल्या बाळाला किरणांचा त्रास होऊ नये म्हणून टेक्निशियनने प्रत्येक बाईला आधी विचारलंच पाहिजे. हा प्रश्न तिच्या भल्यासाठी असतो. उत्तर ‘हो’ आलं तर एक्स-रे पुढे ढकलायचा, नोकरी नव्हे. पोलीस किंवा फौजेसारख्या धावपळीच्या ट्रेनिंगचा विचारही वेगळा करावा लागतो, कारण तिथे मैदानावर शरीराला खरंच ताण पडतो. क्लार्कच्या खुर्चीला तो नियम लावता येत नाही.

‘फिंगर टेस्ट’ म्हणजे काय आणि ती का बंद व्हायला हवी

यावर घरात बोलायला लोक लाजतात, म्हणून इथे सरळ लिहितो. योनीमार्गात बोटं घालून मुलगी ‘संबंधांची सवय असलेली’ आहे की नाही हे ठरवण्याचा दावा करणारी ही जुनी पद्धत. वैद्यकशास्त्रात या दाव्याला काही आधार नाही. शरीराची ठेवण प्रत्येकीची वेगळी असते, त्यावरून असं काही कळत नाही.

बलात्काराच्या केसेसमध्ये ही तपासणी वर्षानुवर्षं चालली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की यामुळे पीडितेच्या खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग होतो. २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढून ती करू नये असं सांगितलं. ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात न्यायालय आणखी पुढे गेलं : जो कोणी अशी तपासणी करेल तो गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. हे सगळं बलात्कार पीडितांबद्दल आहे, नोकरीच्या उमेदवारांबद्दल नाही, हे खरं. पण गुन्ह्याचा तपास करतानाही जी तपासणी चालत नाही, ती क्लार्कची नोकरी कायम करताना कशी चालेल?

अर्थात, डॉक्टर बोटाने तपासतात ती प्रत्येक तपासणी ‘फिंगर टेस्ट’ नसते. पोटात दुखतंय, अंगावरून जास्त जातंय अशी तक्रार घेऊन बाई दवाखान्यात गेली तर स्त्रीरोगतज्ज्ञ आतून तपासतात. ती उपचारासाठीची तपासणी आहे आणि तिच्या संमतीने होते. पण तीच तपासणी काही तक्रार नसताना, दहा जणींच्या रांगेत आणि नोकरीच्या अटीवर केली, तर तिचा अर्थ पूर्ण बदलतो.

जगात आपण एकटेच असे आहोत असंही नाही. इंडोनेशियाच्या लष्करात आणि पोलिसांत भरती होणाऱ्या मुलींची कौमार्य तपासणी होत असे. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी अशा तपासण्या जगभर बंद करा असं आवाहन केलं. २०२१ मध्ये इंडोनेशियाच्या लष्करप्रमुखांनी ही तपासणी थांबवल्याचं सांगितलं.

पद्धत : पडदा, दार आणि रांग

तपासणी योग्य असली तरी ती कशी करतात यावरही सगळं अवलंबून असतं. शेजारच्या मध्य प्रदेशातली दोन उदाहरणं लोकांना आठवत असतील. एप्रिल २०१८ मध्ये धारला पोलीस भरतीच्या मेडिकलमध्ये उमेदवारांच्या छातीवर पेनाने ‘एससी’, ‘एसटी’ असं लिहिलं गेलं. छातीचं आणि उंचीचं माप कोणत्या निकषाने घ्यायचं हे पटकन कळावं म्हणून, अशी सबब पुढे आली. त्यानंतर काही दिवसांतच भिंडच्या जिल्हा रुग्णालयात मुलं आणि मुली यांची एकाच खोलीत तपासणी झाल्याचं प्रकरण बाहेर आलं. दोन्हीकडे तपासणीच्या नियमात खोट नव्हती. गर्दी उरकायची घाई होती, आणि समोरचा माणूस त्या घाईत वस्तू झाला.

मुलांच्या बाबतीत तर आपण हे गृहीतच धरतो. हर्निया, हायड्रोसील, मूळव्याध बघायला भरतीत पोरांना एकत्र कपडे काढून उभं करतात, आणि कुणी कुरकुर केली तर ‘बायकांसारखा लाजतो काय’ म्हणून हसतात. हर्निया बघणं कामाशी संबंधित आहे, ओझं उचलायचं असेल तर बघावंच. पण ते एकेकाला आत बोलावूनही बघता येतं. दहा जणांना वेगवेगळं बोलावलं तर फार तर तासभर जास्त जाईल.

एचआयव्ही : इथे तर सरळ कायदा आहे

मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्येच सांगितलं होतं की माणूस कामाला फिट असेल आणि दुसऱ्याला धोका नसेल, तर फक्त एचआयव्ही आहे म्हणून काम नाकारता येणार नाही. तो खटला एका सरकारी कंपनीत रोजंदारीवर काम करणाऱ्या मजुराचा होता. त्याचं नाव बाहेर येऊ नये म्हणून निकालात फक्त अक्षरं वापरली गेली.

पुढे २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आला, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरी देण्याची अट म्हणून एचआयव्हीची चाचणी करता येत नाही, असं त्यात लिहिलेलं आहे. चाचणी करायचीच तर समजावून सांगून संमती घ्यावी लागते. तरी ‘ब्लड टेस्ट’ च्या नावाखाली बाटलीत काय काय तपासतात हे उमेदवाराला कळत नाही. म्हणून लॅबच्या चिठ्ठीवर कोणत्या टेस्ट लिहिल्या आहेत ते वाचा. वाचता येत नसेल तर विचारा, ‘ताई, यात काय काय तपासणार?’ एवढं विचारलं म्हणून कुणी नोकरी काढून घेत नाही.

जिथे तपासणी हवी, तिथे नुसता शिक्का

आता नाण्याची दुसरी बाजू, आणि सुरतला जाणाऱ्या आपल्या माणसांसाठी हीच जास्त मोठी आहे. पालिकेच्या क्लार्कला गरज नसलेली तपासणी होते, आणि केमिकलमध्ये, डाईंग मिलमध्ये, भट्टीवर काम करणाऱ्याची मात्र गरजेची तपासणीही कित्येकदा कागदावरच उरकते.

१९४८ च्या कारखाने कायद्यात ४१-सी हे कलम घातलं गेलं. धोकादायक प्रक्रियेच्या कामावर लावण्याआधी कामगाराची तपासणी, काम चालू असताना बारा महिन्यांच्या आत पुन्हा तपासणी, काम सोडल्यावरही तपासणी, आणि ही नोंद कामगाराला बघायला मिळाली पाहिजे, असं त्यात होतं. नव्या २०२० च्या कामगार संहितेतही ठरावीक कामगारांच्या मोफत वार्षिक तपासणीची तरतूद ठेवली आहे. गुजरातमध्ये या फिटनेसच्या दाखल्याला ‘फॉर्म ३३’ म्हणतात. जीआयडीसीत काम केलेल्या कुणालाही विचारा, त्याला हा नंबर माहीत असतो. पण ठेकेदार तो फॉर्म स्वतःच भरून आणतो, डॉक्टरने छातीला स्टेथोस्कोपही लावलेला नसतो, अशा गोष्टी कामगारांच्या तोंडून ऐकायला मिळतात.

यात काय बिघडतं? गोध्रा-बालासिनोर भागातल्या दगड दळणाऱ्या कारखान्यांत काम करून परतलेल्या आदिवासी मजुरांचं प्रकरण बघा. अलीराजपूर, झाबुआ, धार इथली ही माणसं, म्हणजे नंदुरबारच्या शेजारची. दगडाची धूळ फुप्फुसात बसली, सिलिकोसिस झाला, एकेका पाड्यावर तरुण माणसं खोकून खोकून गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये गुजरात सरकारला २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यायला सांगितले. तिथवर पोचायला अनेक वर्षं गेली. कामावर जाण्याआधीचा छातीचा एक एक्स-रे आणि नंतरचा एक एक्स-रे हातात असता, तर ‘हा आजार आधीचाच’ असं म्हणायला कुणाला जागा उरत नाही.

हे लक्षात घेतलं की आपला मेडिकलकडे बघायचा दृष्टिकोन बदलतो. धूळ, कापसाची तूस, ॲसिड, मोठा आवाज, उष्णता अशा कामावर जाणाऱ्याने तपासणी टाळू नये, उलट मागून घ्यावी. कानाची तपासणी झाली का, फुंकून बघायची फुप्फुसाची टेस्ट झाली का, एक्स-रे काढला का. रिपोर्टची झेरॉक्स स्वतःकडे ठेवावी, निदान मोबाईलमध्ये फोटो काढून गावी घरी पाठवून ठेवावा. मुकादम बदलतो, कंपनीचं नाव बदलतं, फोटो राहतो.

काउंटरवर काय करायचं?

मुलींसाठी पहिलं. शरीराची तपासणी असेल तर एकटीची तपासणी मागण्याचा आणि सोबत महिला कर्मचारी मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. ‘मॅडम, मला एकटीला आत घ्या, मी थांबते’ एवढं वाक्य पुरतं. पाळी, गर्भ, संबंध यावर प्रश्न आला तर ‘हे या पदाच्या नियमात आहे का? नियम दाखवा’ असं शांतपणे म्हणा. शक्यतो दोघी-तिघी मिळून म्हणा. सुरतची गोष्ट बाहेर आली ती संघटना मागे उभी राहिली म्हणूनच, एकटीदुकटीच्या तक्रारीचं काय झालं असतं ते सांगायला नको. नियम आधीच हवे असतील तर माहिती अधिकारात अर्ज टाकून त्या पदाचे वैद्यकीय निकष मागता येतात.

अनफिट ठरलात तर कारण लेखी घ्या. ‘टेम्पररी अनफिट’ आणि ‘अनफिट’ यात मोठा फरक आहे. बीपी वाढलेलं, हिमोग्लोबिन कमी, कानात मळ, अशी कारणं उपचाराने बरी होतात आणि पुन्हा तपासणी होते. रेल्वेत अनफिट ठरल्यास साधारण एका महिन्याच्या आत अपील करावं लागतं, आणि सोबत दुसऱ्या डॉक्टरचा दाखला लागतो. पहिल्या तपासणीत चूक होऊ शकते असं त्या दाखल्यात दिसलं पाहिजे. हा महिना गावी जाऊन रडण्यात घालवू नका. धुळे, नंदुरबार, जळगाव किंवा सुरतच्या सिव्हिलमध्ये त्याच आठवड्यात जा, कारण नेत्रतज्ज्ञांची तारीख मिळायलाच आठ-दहा दिवस जाऊ शकतात.